‘कधी होईल?’ : अंदाज, भाकीत आणि दिलेला शब्द

आत येताना दोन-तीन ज्येष्ठ मंडळी भेटली. म्हणाली, आम्ही काही कॉम्प्युटरवाले नाही, पण मुलगी हिंजवडीला आहे, घरी फोनवर सारखं ‘स्प्रिंट’, ‘डिलिव्हरी’, ‘एस्टिमेट’ चाललेलं असतं, म्हणून ऐकायला आलो. छान केलंत. सुरुवातीची चार-पाच मिनिटं तुमच्यासाठी. बाकीच्यांनी तेवढ्यात मोबाइल सायलेंटवर टाका.

सॉफ्टवेअर करण्याची जुनी पद्धत बरीचशी पूल बांधण्यासारखी होती. आधी सगळा आराखडा, मग सगळं बांधकाम, शेवटी तपासणी. दीड-दोन वर्षांनी गिऱ्हाइकाच्या हातात काहीतरी पडायचं, आणि ते त्याला हवं होतं तसं नसायचं. २००१ सालच्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या यूटा राज्यात स्नोबर्ड नावाच्या ठिकाणी १७ जण जमले आणि त्यांनी एक छोटासा जाहीरनामा लिहिला. तोच अजाइल जाहीरनामा. त्यातला आपल्या कामाचा भाग एवढाच की काम लहान लहान तुकड्यांत करा आणि प्रत्येक तुकडा चालता करून दाखवा. म्हणून आज बहुतेक टीम दोन-दोन आठवड्यांच्या टप्प्यांत काम करतात. त्या टप्प्याला स्प्रिंट म्हणतात, आणि करायच्या कामांच्या यादीला बॅकलॉग.

पद्धत बदलली, पण गिऱ्हाइकाचा प्रश्न बदलला नाही. कधी होईल? आणि तो विचारणं अगदी रास्त आहे. त्याला जाहिरात द्यायची असते, माणसं नेमायची असतात, जुनी सिस्टिम बंद करायची असते. ‘आम्ही अजाइल आहोत, तारीख सांगत नाही’ असं उत्तर देणारे लोक मी पाहिले आहेत. मला ते उद्धटपणाचं वाटतं.

आता मराठीत आपण एक गंमत करतो. किती काम आहे याचा अंदाज, पाऊस कधी येईल याचाही अंदाज, आणि ‘अंदाजे पंधरा तारखेला देतो’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात तो झाला वायदा. आजच्यापुरते हे तीन शब्द वेगळे ठेवू या. काम केवढं आहे, हा अंदाज. ते कधी हातात पडेल आणि तसं घडण्याची शक्यता किती, हे भाकीत. आणि ‘या तारखेला देतोच’, हा शब्द. भाकीत म्हटलं की पोपटवाला आठवतो हे मला माहीत आहे. तुम्ही वेधशाळा आठवा.

वेधशाळेवर विनोद करणं हा आपला राष्ट्रीय छंद आहे, पण ती मान्सूनबद्दल कसं बोलते ते नीट ऐका. २०२३ साली हवामान खात्यानं सांगितलं, केरळात मान्सून ४ जूनला पोहोचेल, ४ दिवस मागेपुढे. तो ८ जूनला आला, म्हणजे अगदी काठावर. २०२५ साली सांगितलं २७ मे, पुन्हा ४ दिवस मागेपुढे. आला २४ मे रोजी. दोन्ही वेळा आधी सांगितलेला दिवस चुकला आणि दोन्ही वेळा भाकीत बरोबर ठरलं, कारण भाकितात ते ४ दिवस होते. आपण ऐकताना ते चार दिवस गाळतो. ऑफिसातही तेच होतं. टीम म्हणते, ‘मार्चअखेर, फार तर एप्रिलच्या मध्यापर्यंत’. मॅनेजर वर सांगतो, ‘मार्च’. तिथून पुढे ते क्लायंटच्या स्लाइडवर ‘३१ मार्च’ होऊन बसतं. खोटं कुणीच बोललं नाही. शब्द मात्र दिला गेला, आणि ज्यांनी काम करायचं त्यांनी तो दिलेलाच नाही.

मग माणसाला विचारून येणारा अंदाज किती विश्वासाचा? यावर चांगला अभ्यास झालेला आहे. डॅनियल कानेमन आणि एमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या दोषाला ‘प्लॅनिंग फॅलसी’ असं नाव दिलं. आपण ‘नियोजनाचा भ्रम’ म्हणू. पुढे १९९४ मध्ये ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या तिघांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रबंध लिहीत असलेल्या विद्यार्थ्यांना त्यांनी विचारलं, किती दिवस लागतील? सरासरी उत्तर आलं ३३.९ दिवस. मग विचारलं, सगळं शक्य तितकं वाईट घडलं तर? ४८.६ दिवस. प्रत्यक्षात सरासरी किती लागले? ५५.५ दिवस. म्हणजे ‘सगळं बिघडलं तर’ असं धरून केलेला अंदाजसुद्धा कमी पडला. म्हणून ‘दोन आठवडे जास्तीचे धरून ठेवा’ या सल्ल्यावर माझा फारसा भरवसा नाही. ते दोन आठवडेही त्याच डोक्यातून येतात.

कानेमन यांचा स्वतःचाच एक किस्सा आहे, त्यांच्या २०११ च्या पुस्तकात आहे तो. इस्रायलमध्ये शाळांसाठी निर्णयशास्त्राचा अभ्यासक्रम लिहायला एक गट बसला होता. प्रत्येकानं कागदावर अंदाज लिहिला, सगळे साधारण दीड ते अडीच वर्षांच्या मधले. मग गटातल्या एका अनुभवी शिक्षणतज्ज्ञाला विचारलं, अशा इतर गटांचं काय झालं होतं? ते जरा थांबले आणि म्हणाले, सुमारे ४० टक्के गटांचं काम कधी पुरंच झालं नाही, आणि ज्यांचं झालं त्यांना ७ ते १० वर्षं लागली. याच गृहस्थांनी थोड्याच वेळापूर्वी आपल्या गटासाठी अडीच वर्षांच्या आतलाच आकडा लिहिला होता! माहिती त्यांच्याच डोक्यात होती, पण स्वतःच्या कामाचा विचार करताना ती वापरावी असं त्यांना सुचलंच नाही. पुस्तक पूर्ण व्हायला शेवटी ८ वर्षं लागली.

कानेमन याला आतली नजर आणि बाहेरची नजर म्हणतात. आतून पाहिलं की आपण कामाच्या पायऱ्या मोजतो. बाहेरून पाहिलं की अशा कामांना आजवर किती लागले ते मोजतो. अजाइल टीममध्ये अंदाजाचे जे विधी चालतात, ते बहुतेक सगळे आतल्या नजरेचे आहेत.

त्यातला मुख्य म्हणजे स्टोरी पॉइंट. याचा इतिहास मजेशीर आहे. एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग ही पद्धत १९९० च्या दशकात क्रायस्लर या मोटारकंपनीच्या पगारपत्रकांच्या प्रकल्पात आकाराला आली. रॉन जेफ्रीज हे तिच्या जनकांपैकी एक. ते सांगतात की सुरुवातीला अंदाज ‘आदर्श दिवसां’त करायचे, म्हणजे कुणी मध्ये बोलावलं नाही, फोन आला नाही, तर लागणारे दिवस. मग त्याला साधारण तीननं गुणायचं. पण मालकमंडळी विचारू लागली की एका दिवसाच्या कामाला तीन दिवस का लागतात? हा प्रश्न टाळायला दिवसांऐवजी नुसते ‘पॉइंट’ म्हणायला सुरुवात झाली. २०१९ मध्ये जेफ्रीज यांनी लिहिलं की पॉइंट कदाचित मीच शोधले असतील, आणि तसं असेल तर आता मला त्याचं वाईट वाटतं. जगभरातल्या टीम आज ज्यावर तासन्‌तास वाद घालतात त्याचं मूळ हे असं आहे.

पॉइंट ठरवायचा खेळही तुम्हाला माहीत असेल. प्लॅनिंग पोकर. जेम्स ग्रेनिंग यांनी तो २००२ मध्ये मांडला. सगळ्यांच्या हातात १, २, ३, ५, ८, १३ असे पत्ते, आणि सगळ्यांनी एकाच वेळी उघडायचे, म्हणजे ज्येष्ठ माणसाचा आकडा ऐकून बाकीचे माना डोलावत नाहीत. हा खेळ मला आवडतो, पण आकड्यासाठी नव्हे. एकानं ३ टाकले आणि टेस्टिंगवालीनं १३, तर आता थांबून तिला विचारायचं की तुला असं काय दिसतंय? ती म्हणते, ‘या स्क्रीनचा डेटा जुन्या सिस्टिममधून येतो आणि तिथले निम्मे मोबाइल नंबर नऊ आकडी आहेत.’ झालं, बैठकीचे पैसे वसूल! त्यानंतर ५ लिहा की ८ लिहा, त्यानं फारसं काही बिघडत नाही.

बिघडतं ते पुढे. एका स्प्रिंटमध्ये किती पॉइंट झाले त्याला व्हेलॉसिटी म्हणतात, आणि एकदा हा आकडा वरच्या मजल्यावर पोहोचला की तिथून प्रश्न येतो, गेल्या वेळी ३०, या वेळी ३५ का नाहीत? पुढच्या स्प्रिंटमध्ये ४० होतात. काम तेवढंच असतं, कालचे ५ आज ८ झालेले असतात. मोजमापाचं लक्ष्य केलं की ते मोजमाप म्हणून निकामी होतं, हे अर्थशास्त्रातलं गुडहार्ट यांचं सूत्र इथे रोज सिद्ध होतं. आणि यात टीमची लबाडी आहे असं मी म्हणणार नाही. वार्षिक रिव्ह्यू ज्या आकड्यावर अवलंबून आहे तो आकडा माणसं वाढवणारच.

पण समजा सगळे अगदी प्रामाणिक आहेत, तरी पॉइंटवरून तारीख का निघत नाही? इथे मी तुम्हाला पिठाच्या गिरणीत घेऊन जाते.

तुम्ही पाच किलो गव्हाचा डबा घेऊन गिरणीत गेलात. दळायला किती वेळ लागतो? काही मिनिटं. गिरणीवाला काय म्हणतो? ‘सातनंतर या.’ त्यानं तुमचा डबा उचलूनही पाहिला नाही. त्यानं रांगेतल्या डब्यांकडे नजर टाकली. डबा चार किलोचा की सहा किलोचा यानं काही मिनिटं इकडेतिकडे होतील, पण आधीचे पंधरा डबे आणि मध्येच गेलेली वीज यानं तास ठरतात.

सॉफ्टवेअरचं काम नेमकं असंच आहे. एखादं काम तीन आठवड्यांनी पूर्ण झालं तर त्याची डायरी काढून बघा. प्रत्यक्ष हात लागलेले दिवस पाच-सहा निघतात. बाकीचे दिवस काम पडून असतं. कोड तपासणाऱ्याला वेळ नाही, टेस्टिंगचा सर्व्हर दुसऱ्या टीमकडे आहे, क्लायंटकडून खुलासा यायचाय, आणि इकडून मेल जाते तेव्हा त्यांच्याकडे रात्र असते. पत्ते टाकून आपण दळण्याच्या वेळावर भांडतो आणि उशीर होतो तो रांगेत. त्या रांगेला कुणी पॉइंट देत नाही.

रांगेचं गणित मात्र पक्कं आहे. एमआयटीचे जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये ते सिद्ध केलं. हातात सरासरी किती कामं आहेत, त्याला आठवड्याला सरासरी किती कामं पूर्ण होतात त्यानं भागा. एका कामाला लागणारा सरासरी वेळ मिळतो. टीमच्या हातात अर्धवट २० कामं आहेत आणि आठवड्याला ५ बाहेर पडतात, तर एकेक काम सरासरी ४ आठवडे घेणार. बाहेर पडण्याचा वेग तोच ठेवून हातातली कामं १० वर आणली, तर २ आठवडे. कुणी जास्त तास बसलं नाही, कुणाला नवीन कौशल्य शिकवलं नाही. अर्थात यासाठी घेतलेलं काम पूर्ण होऊन बाहेर पडायला हवं, महिनोन्‌महिने फळ्यावर लोंबकळत राहायला नको. मॅनेजरांना हे पटवणं सगळ्यात अवघड, कारण रिकामा माणूस त्यांना दिसतो आणि थांबलेलं काम दिसत नाही. पण गिरणीवाला ज्वारी आणि गहू आलटून पालटून थोडे थोडे दळायला लागला तर काय होईल? प्रत्येक वेळी आधीचं पीठ झाडा, मग दुसरं घाला. सगळ्यांचंच पीठ उशिरा, आणि पोळीत थोडी ज्वारी.

आता भाकिताकडे येऊ. बाहेरची नजर वापरायची, तर आपल्याच टीमनं आठवड्याला किती कामं पूर्ण केली ते काढायचं. पॉइंट नकोत, नुसती मोजदाद. समजा गेल्या दहा आठवड्यांचे आकडे असे आहेत: ४, ६, २, ५, ७, ३, ५, ०, ४, ६. तो शून्य लपवू नका. त्या आठवड्यात सर्व्हर बसला होता किंवा दिवाळी होती, आणि असा आठवडा पुन्हा येणारच आहे. एकूण ४२, म्हणजे आठवड्याला सरासरी ४.२. बॅकलॉगमध्ये ४० कामं उरली आहेत. सरासरीनं भागलं की साडेनऊ येतात, आणि बहुतेक लोक इथेच थांबून ‘दहा आठवडे’ असं सांगून मोकळे होतात.

आपण थांबायचं नाही. भिशीच्या चिठ्ठ्या माहीत आहेत ना? हे दहा आकडे दहा चिठ्ठ्यांवर लिहा, डब्यात टाका, हलवा आणि एक काढा. ७ आले, तर पहिल्या आठवड्यात ७ कामं झाली. भिशीत निघालेली चिठ्ठी बाजूला ठेवतात, इथे ती परत डब्यात टाकायची. पुन्हा काढा, बेरीज करत जा. ४० पूर्ण व्हायला किती चिठ्ठ्या लागल्या ते लिहून ठेवा. एकदा ९ लागतील, एकदा १२. हे हजार वेळा करा. हातानं नव्हे, एक्सेलमध्ये होतं. या पद्धतीला मॉन्टे कार्लो म्हणतात. १९४६ च्या सुमारास स्टॅनिस्लाव उलाम या गणितज्ञाला आजारपणात पत्त्यांचा डाव मांडताना ती सुचली, आणि तिचं नाव जुगाराच्या गावावरून पडलं. अणुसंशोधनात वापरली गेलेली युक्ती आहे, पण डबा आणि चिठ्ठ्या असल्या की कुणालाही समजते.

आपल्या आकड्यांवर ती चालवली तर साधारण असं दिसतं. ९ आठवड्यांत काम पुरं होण्याची शक्यता शंभरात ४० च्या आसपास. १० आठवड्यांत सुमारे ६५. ११ आठवड्यांत ८५ च्या आसपास, आणि १२ आठवड्यांत ९४. म्हणजे ज्या ‘दहा आठवड्यां’ना आपण पक्का आकडा समजत होतो, ते तीनातल्या एका वेळी चुकणार आहेत, आणि त्यात कुणाचाही आळस नाही.

आता क्लायंटशी बोलणं बदलतं. त्याला म्हणायचं, अकरा आठवड्यांत होण्याची शक्यता शंभरात ८५ आहे. तुम्हाला जास्त खात्री हवी असेल तर बारा धरा. थोडा धोका चालत असेल तर दहा. किती धोका घ्यायचा हे त्यानं ठरवायचं, कारण उशीर झाला तर काय नुकसान होतं हे त्याला ठाऊक आहे, आपल्याला नाही. आणि दर आठवड्याला नवा आकडा डब्यात टाकून भाकीत पुन्हा काढायचं. वेधशाळा एप्रिलमध्ये पाऊसमान सांगते आणि मेअखेर ते सुधारून सांगते. त्याला कुणी शब्द फिरवणं म्हणत नाही.

यात खाचखळगे आहेत. टीम तीच असायला हवी. चार माणसं गेली आणि चार नवीन आली तर जुन्या चिठ्ठ्या बाद. कामं सगळी एकसारखी नसली तरी चालतात, पण एखादं महिनाभराचं धूड यादीत असेल तर ते आधी फोडा. आणि यादी वाढते, हे विसरू नका. ४० ची ५० कामं झाली तर ८५ टक्के खात्रीसाठी अकराचे चौदा आठवडे होतात. बहुतेक प्रकल्पांत तारखेला धक्का इथूनच बसतो, आणि तो बसला की कुणीतरी म्हणतं, आणखी चार माणसं देतो. त्यावर फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या प्रकल्पात माणसं वाढवली की तो आणखी लांबतो. नव्यांना शिकवायला जुने लागतात ना.

इथे थांबते. प्रश्न घेऊ या.

प्रश्न : मॅडम, मी टेस्टिंगमध्ये आहे. आमच्याकडे तारीख आधीच ठरलेली असते, सेल्सनं क्लायंटला सांगितलेली. आम्हाला फक्त कळवतात. मग हे भाकीत काढून उपयोग काय?

उत्तर : तारीख ठरलेली असेल तर प्रश्न उलटा करा. समजा ८ आठवडे आहेत आणि यादीत ४० कामं. त्याच चिठ्ठ्या, आठ वेळा काढायच्या, बेरीज किती होते ते पाहायचं. या आकड्यांत ४० गाठण्याची शक्यता शंभरात जेमतेम १५ निघते. २८ कामं होण्याची शक्यता ८५ च्या पुढे. आता हे पहिल्या आठवड्यात दाखवलं, तर ‘यातली २८ कोणती?’ एवढंच बोलायचं उरतं, आणि ते बोलायला क्लायंट सहसा तयार असतो. त्याला चाळीसच्या चाळीस पहिल्या दिवशी लागत नाहीत. सातव्या आठवड्यात दाखवलं तर तेव्हा राग असतो, आणि मग ती उरलेली १२ कामं तुमच्या शनिवार-रविवारांतून काढली जातात. त्यातही टेस्टिंग सगळ्यात शेवटी, म्हणजे तुमचे रविवार आधी जातात. त्यामुळे हा हिशेब तुमच्या टीममध्ये कुणी करत नसेल तर तुम्ही करा. टेस्टिंगवाल्यांकडे ‘पूर्ण झालं’ची तारीख सगळ्यात खरी असते.

प्रश्न : टीम नवीन असेल, मागचे आकडेच नसतील तर?

उत्तर : तर सुरुवातीला रुंद पल्ला सांगायचा, आणि लाजायचं नाही. बॅरी बोम यांनी १९८१ मध्ये दाखवलं की प्रकल्पाच्या अगदी सुरुवातीचा अंदाज चौपट जास्त किंवा पाव इतका कमीही निघू शकतो. पण आकडे लवकर जमतात. संख्याशास्त्रातला एक साधा हिशेब सांगते. पाच कामं पूर्ण झाली, मिळतील तशी घेतलेली, सोपी सोपी निवडलेली नव्हेत, आणि त्यांना लागले ४, ९, ६, १५ आणि ७ दिवस. तर अशा सगळ्या कामांचा मध्यक, म्हणजे निम्मी कामं ज्याच्या आत होतात तो आकडा, ४ आणि १५ च्या मध्ये असण्याची शक्यता जवळजवळ ९४ टक्के असते. पाचही कामं मध्यकाच्या एकाच बाजूला पडणं म्हणजे पाच वेळा नाणं उडवून पाचही वेळा एकच बाजू येणं. ते शंभरात सहाएक वेळाच होतं. पल्ला रुंद आहे, मान्य. पण तो पाच झालेल्या कामांतून आलाय.